अर्ध्यावरचा कर्णधार

पंगत अर्धी जेवून झाल्यावर आचारी बदलू नये, असं माझ्या आजीचं ठाम मत होतं. वडाभातात मीठ जास्त पडलं असेल, कढी फुटली असेल, तरी ज्यानं चूल पेटवली त्यालाच ती विझवू द्यावी. नवा आचारी आला की पहिला अर्धा तास तो आधीच्याला नावं ठेवण्यात घालवतो आणि पानावर बसलेली माणसं ताटकळतात, असा तिचा अनुभव. आजीला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी मालिकेच्या नाहीतर हंगामाच्या मधोमध कर्णधार बदलल्याची बातमी आली की मला क्रिकेटच्या पंडितांआधी तीच आठवते. तिच्या हिशेबात एकच गोष्ट धरायची राहून गेली होती. क्रिकेटच्या पानावर बसलेल्या आम्हा मंडळींना जेवणापेक्षा चुलीपाशी चाललेल्या भांडणातच जास्त गोडी असते.

आमच्या नागपुरात अशा बातमीची पहिली सुनावणी पानठेल्यावर होते. सुपारी-तंबाखूचा खर्रा नीट घोटायला वेळ लागतो आणि तो वेळ कशानं तरी भरून काढावा लागतो. राजकारणावर बोललं तर ओळखीपाळखीत वितुष्ट येतं. कर्णधारावर बोललेलं कर्णधाराच्या कानावर जात नाही, त्यामुळे त्याला काहीही म्हणता येतं.

“मी तं पयलेच म्हटलं होतं, काढा याला म्हणून.”

“तू तं मागच्या महिन्यात म्हणे, याच्यासारखा कॅप्टन होणे नाही!”

“मंग? तेव्हा जिंकून राहिला होता ना बे.”

याला बिनतोड म्हणतात. त्यानंतर दोन मिनिटं शांतता पसरते, आणि मग ज्यानं काढा म्हटलं होतं तोच हळूच सांगतो, “पण काही म्हणा भाऊ, असं मधातच काढायचं नव्हतं. माणूस चांगला होता.” हे वाक्य एरवी आपण अंबाझरीच्या स्मशानघाटावरून परत येताना उच्चारतो. काल सकाळपर्यंत ज्याला क्षेत्ररचना कळत नव्हती, गोलंदाज कधी बदलावा हे कळत नव्हतं, नाणेफेकसुद्धा जिंकता येत नव्हती, त्याचे सद्गुण आज संध्याकाळी एकेक करून निघू लागतात. तो तरुणांना सांभाळून घेत होता, पंचांशी कधी भांडला नाही, हरल्यावरही हसून बोलायचा. आणि जो नवा आला आहे, ज्याचं नाव आपणच महिनाभर पुढे करत होतो, त्याच्याकडे आपण मुलगी पाहायला आलेल्या स्थळाच्या आत्यासारखे बघू लागतो.

हे असं का होतं, याचा मी बराच विचार केला आहे. रिकामपण भरपूर असल्यामुळे विचाराला तोटा नाही. शिवाय या विषयावर बोलायचा नागपूरला इतरांपेक्षा थोडा जास्तच अधिकार आहे, अशी माझी समजूत आहे. ऑस्ट्रेलियाविरुद्ध ऐन मालिकेत भारताची सूत्रं एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती गेली, असे दोन प्रसंग चार वर्षांच्या अंतरानं आमच्याच गावात घडले. एकदा आम्ही सपाटून हरलो, एकदा झोकात जिंकलो. गाव तेच, पाहुणे तेच, ऋतूसुद्धा जवळपास तोच. एखाद्या शास्त्रज्ञानं प्रयोगासाठी मागून न्यावी अशी ही जोडी आहे.

पहिला प्रसंग २६ ऑक्टोबर २००४चा, सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या मैदानावरचा. याच मैदानावर १९८७च्या विश्वचषकात चेतन शर्मानं हॅट‌्ट्रिक घेतली होती आणि त्याच दुपारी सुनील गावसकरनं एकदिवसीय सामन्यातलं आपलं एकुलतं एक शतक ठोकलं होतं. त्यामुळे या मैदानाबद्दल आमच्या मनात कायम माया. पण त्या ऑक्टोबरात खेळपट्टीवर गवत होतं, आणि चांगलं हिरवंगार होतं. भारत मालिकेत मागे होता. सामन्याच्या सकाळी कळलं की सौरव गांगुली, म्हणजे सगळ्यांचा दादा, दुखापतीमुळे खेळत नाही, हरभजनही नाही, आणि नाणेफेकीला राहुल द्रविड निघाला आहे.

पुढे काय झालं ते आकड्यांत सांगून टाकतो, कारण सावकाश सांगावं असं त्यात काही नाही. ऑस्ट्रेलिया ३९८, भारत १८५. ऑस्ट्रेलिया पुन्हा ५ बाद ३२९ आणि डाव घोषित, भारत २००. चार दिवसांत ३४२ धावांनी पराभव. ऑस्ट्रेलियानं भारतात मालिका जिंकायला १९६९-७०नंतर तब्बल पस्तीस वर्षं लावली होती आणि ते पुण्य अखेर आमच्या गावच्या पदरात पडलं. जेसन गिलेस्पीनं सामन्यात नऊ बळी घेतले. त्या गवतावर तो इतका खुशीत धावत होता की जणू माहेरी आला होता.

गावात तेव्हा एकच चर्चा होती : दादा असता तर? त्या एका प्रश्नावर दिवाळीपर्यंतचा वेळ निघाला. गांगुलीची दुखापत आणि खेळपट्टीवरचं गवत यांची सांगड घालणारे महाभागही कमी नव्हते. घरी मी हे सगळं मोठ्या तळमळीनं सांगत होतो. बायकोनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “इतकं सगळं त्या गवतामुळे होणार होतं तर ते कापलं का नाही?”

“ते असं कापता येत नाही.”

“मग कोण कापतं?”

“ते कर्णधाराच्या हातात नसतं.”

“मग कर्णधाराच्या हातात काय असतं?”

त्या वेळी मी विषय बदलला. पण प्रश्न डोक्यात घर करून राहिला.

कारण तेव्हा आम्ही सगळ्यांनी सोयीस्करपणे विसरलेली एक गोष्ट अशी की ऑस्ट्रेलियाचा कर्णधारही त्या दिवशी मैदानावर नव्हताच. रिकी पॉन्टिंगच्या अंगठ्याला दुखापत झाली होती आणि त्याच्या जागी ॲडम गिलख्रिस्ट संघ सांभाळत होता. म्हणजे दोन्हीकडे बदलीचेच कर्णधार. बदलीचा कर्णधार आला म्हणून आम्ही हरलो असं म्हणावं, तर बदलीचा कर्णधार असूनच ते जिंकले. बरं, पुढच्याच आठवड्यात मुंबईला काय झालं? पॉन्टिंग परतला आणि हक्काचा कर्णधार असलेल्या ऑस्ट्रेलियाला १०७ धावा करता आल्या नाहीत. ९३मध्ये सगळे बाद. आमच्याकडे कर्णधार तोच, नागपुरात हरलेला द्रविड, आणि विजय १३ धावांनी. ज्याला आम्ही नागपुरात नुकतेच दोषी ठरवून मोकळे झालो होतो, त्याची मुंबईत निर्दोष सुटका. न्यायाधीश आम्हीच, पुरावा पाहायची गरज दोन्ही वेळा कोणाला वाटली नाही.

दुसरा प्रसंग नोव्हेंबर २००८चा. अनिल कुंबळेनं २ तारखेला दिल्लीत, तिसरी कसोटी संपता संपता निवृत्ती जाहीर केली. करंगळीला अकरा टाके पडले होते, ६१९ बळी नावावर होते, आणि तो जायला निघाला तेव्हा सहकाऱ्यांनी त्याला खांद्यावर घेतलं. ती मालिका तशी आधीच अदलाबदलीची होती : बंगळूरला कुंबळे, मोहालीला तो जायबंदी म्हणून धोनी, दिल्लीला परत कुंबळे, आणि आता नागपूरला कायमचा धोनी. आम्हाला नवं मैदानही त्याच आठवड्यात मिळालं होतं. वर्धा रोडवरच्या जामठ्याच्या स्टेडियमची ती पहिलीच कसोटी. सिव्हिल लाइन्सला सायकलवर टांग मारून जाणाऱ्यांना आता डबा, पाण्याची बाटली आणि वाहन यांची तजवीज करून पंधराएक किलोमीटर गावाबाहेर जायचं होतं. म्हणजे आमच्यासाठी एकाच वेळी कर्णधारही बदलला आणि मैदानही.

या कसोटीत इतकं काही घडत होतं की कोणाकडे बघावं कळेना. लक्ष्मणची शंभरावी कसोटी, गांगुलीची शेवटची, मुरली विजयची पहिली. सचिनचं चाळिसावं कसोटी शतक. पलीकडे जेसन क्रेझा नावाचा कोणी फिरकीवाला पहिल्याच कसोटीत १२ बळी घेऊन गेला. त्यासाठी त्याला ३५८ धावा मोजाव्या लागल्या ही गोष्ट वेगळी. आमच्या इतवारीतल्या कोणत्याही दुकानदारानं हा सौदा परवडला नाही असंच म्हटलं असतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी धोनीनं आठ क्षेत्ररक्षक ऑफ साइडला लावले आणि एकच लेग साइडला. झहीर आणि इशांत यष्टीच्या बाहेर, चांगले बाहेर, चेंडू टाकत राहिले. ऑस्ट्रेलियावाले बॅट उचलून ते सोडत राहिले. आमच्या मागच्या ओळीत एक गृहस्थ बसले होते. त्यांचा पहिल्या तासातला सूर असा : “हे काय क्रिकेट आहे? बाहेर टाकून राहिले, सोडून राहिले. यापेक्षा कुंबळे बरा होता.” कुंबळे जाऊन अजून आठवडा झाला नव्हता. दुपारी एकेक बळी पडायला लागले तसा सूर पालटला : “डोकं पाहा कसं लावून राहिला पोरगा! कुंबळेला हे सुचलं नसतं.” दिवसभरात ऑस्ट्रेलियाला कशाबशा १६६ धावा जमल्या आणि त्यांचा डाव ३५५वर आटोपला. तोच चेंडू, तीच दिशा, तोच गृहस्थ. सकाळी जो भित्रेपणा होता तोच संध्याकाळपर्यंत मुत्सद्दीपणा झाला होता, आणि या दोन्हींमध्ये खेळ तसूभरही बदलला नव्हता. बदलला होता फक्त धावफलक.

चौथ्या दिवशी चहापानाला भारत ६ बाद १६६ असा अडकला होता. सामना पॉन्टिंगच्या मुठीत यायचा तेव्हा त्यानं कामचलाऊ गोलंदाज आणले. षटकांची गती फार मंदावली होती आणि ती सावरली नाही तर त्याच्यावरच बंदी यायची वेळ होती. धोनी आणि हरभजननं तेवढ्यात १०८ धावांची भागी केली. सामना आम्ही १७२ धावांनी जिंकला, मालिका २-०. ऑस्ट्रेलियात पॉन्टिंगवर जी टीका झाली ती वाचून मला परक्या देशाबद्दल प्रथमच आपुलकी वाटली. तिकडेही पानठेले असणार.

आणि शेवटी त्या सामन्यात एक छोटा बदल झाला, जो मला सगळ्यांत जास्त आवडतो. ऑस्ट्रेलियाचे नऊ गडी बाद झाल्यावर धोनीनं गांगुलीला सांगितलं, आता तू सांभाळ. शेवटची काही षटकं दादा कर्णधार. चार वर्षांपूर्वी याच गावात ज्याच्या नसण्यावर आम्ही दिवाळी काढली होती, तो या गावात पुन्हा कर्णधार झाला तो असा, काही षटकांपुरता, सामना जिंकून झालेला असताना. चषक घ्यायला धोनीनं कुंबळेलाही बरोबर घेतलं. मध्येच सत्ता बदलूनही कोणाच्या मनात आढी राहू नये यासाठी जे जे करता येईल ते त्या दिवशी झालं. आम्हा चाहत्यांची मात्र थोडी पंचाईत झाली. गेलेल्याची बाजू घेऊन आलेल्यावर रुसायची सोयच उरली नाही.

वडिलांच्या पिढीला तर रुसायलाही उसंत मिळाली नव्हती. वेस्ट इंडीजविरुद्धच्या १९५८-५९च्या मालिकेबद्दल ते बोलायला लागले की आधी हाताची बोटं मोजत. पाच कसोट्या, चार कर्णधार. मुंबईला पॉली उमरीगर. कानपूर आणि कोलकात्याला गुलाम अहमद. मद्रासला पुन्हा उमरीगर नेमला, तर संघनिवडीच्या वादात आदल्या रात्री त्यानं राजीनामा दिला, म्हणून विनू मंकड. आणि दिल्लीला हेमू अधिकारी, आपले पुण्याचे, लष्करातले. “एकाचा राग धरावा म्हटलं तर तोवर दुसरा आलेला असे,” वडील सांगत. मालिका ०-३ अशी गेली. मात्र अधिकाऱ्यांच्या हाताखाली दिल्लीची कसोटी वाचली. तीत चंदू बोर्डेनं १०९ आणि ९६ धावा केल्या, स्वतः अधिकाऱ्यांनी अर्धशतक ठोकून तीन बळीही घेतले. वडिलांचा निष्कर्ष : चौथा माणूस योग्य निघाला. माझा निष्कर्ष : पाचवी कसोटी येईपर्यंत निवड समितीकडे नावंच उरली नव्हती, म्हणून शेवटी एका सैनिकाला बोलावलं. युद्धातही असंच करतात.

गंमत म्हणजे हा आजार आपल्यापुरता नाही. माझा भाचा बॉस्टनजवळ राहतो. लहानपणी धरमपेठेच्या गल्लीत टेनिस बॉल हरवण्यात तो वाकबगार होता. आता तिकडच्या फुटबॉलचं वेड लागलं आहे. एका रविवारी त्याचा फोन आला.

“मामा, आमचा क्वार्टरबॅक बदलला. सीझन अर्धाच झालाय.”

“जुना वाईट होता का?”

“होता ना. आम्ही सगळे ओरडत होतो, बसवा याला म्हणून.”

“मग झालं तर.”

“हो, पण काल तो बाजूला टोपी घालून उभा होता, बघवेना. असं मधेच नव्हतं करायचं.”

अटलांटिकच्या पलीकडून आमचा पानठेलाच बोलत होता. भाच्यानं मग मला सगळं नीट समजावलं. त्या खेळात आक्रमणाची जवळजवळ प्रत्येक चाल क्वार्टरबॅकच्या हातून सुरू होते. चेंडू त्याच्याकडे येतो आणि दोन-तीन सेकंदांत कोणाकडे फेकायचा हे त्याला ठरवावं लागतं, तेही समोरून दीडशे किलोची माणसं अंगावर येत असताना. त्याच्या शहरातली दंतकथा २००१ सालची. ड्रू ब्लेडसो हा न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा मोठा क्वार्टरबॅक. त्याच वर्षी त्यानं दहा वर्षांचा आणि दहा कोटी डॉलरहून मोठा करार केला होता. सप्टेंबरात, हंगामाच्या दुसऱ्याच सामन्यात त्याला जबर मार बसला आणि त्याच्या जागी टॉम ब्रेडी नावाचा पोरगा आला. आदल्या वर्षीच्या निवडीत त्याच्याआधी १९८ जणांची नावं पुकारली गेली होती. ब्लेडसो बरा होऊन आला, तरी जागा परत मिळाली नाही. फेब्रुवारीत पेट्रियट्स सुपर बोल जिंकले. पुढचं जगाला ठाऊक आहे.

“म्हणजे बदल बरोबर होता,” मी म्हटलं.

“मामा, बदल कोणी केलाच नव्हता. माणूस जखमी झाला होता.”

पोरगा शहाणा झाला आहे. मला एवढंच जाणवलं की त्याच्या क्वार्टरबॅकला दोष देण्यात निदान डोळ्यांनी पाहिलेलं काही असतं. फेकलेला चेंडू दिसतो, कोणाच्या हाती पडला तेही दिसतं. आमचा कर्णधार करतो काय, तर स्लिपमध्ये उभा राहून हाताचा पंजा हलवतो, मग थर्ड मॅन दोन पावलं डावीकडे सरकतो. त्या दोन पावलांनी सामना फिरला की बुडला, हे आम्ही सत्तर यार्डांवरून, बहुतेक वेळा टीव्हीवरून, छातीठोक सांगतो.

रोहित शर्माच्या बाबतीत तर आम्हा नागपूरकरांना निःपक्षपाती राहणं शक्यच नाही, कारण त्याचा जन्म इथला, बनसोडचा. वाढला बोरिवलीत, ही मुंबईकरांची तक्रार आम्ही ऐकून घेत नाही. २०१३च्या आयपीएलमध्ये मुंबई इंडियन्सचा कर्णधार होता तोच आपला पॉन्टिंग. सहा सामन्यांत ५२ धावा झाल्यावर त्यानं स्वतःलाच संघाबाहेर बसवलं आणि २४ एप्रिलला रोहितकडे सूत्रं गेली. मे महिन्यात मुंबईनं पहिला चषक उचलला. पुढे आणखी चार. मधोमध बदललेल्या कर्णधारांच्या इतिहासात हे पान सोन्याचं, आणि ते लिहायला सुरुवात केली ती स्वतःचं नाव स्वतः खोडणाऱ्या माणसानं. पॉन्टिंगला नागपूरनं २००८मध्ये जितकं हसून घेतलं होतं, तितकं कौतुक त्या वर्षी परत दिलं.

मग डिसेंबर २०२३मध्ये रोहितच्या जागी हार्दिक पंड्याचं नाव आलं. हंगाम सुरू व्हायच्या आधी, म्हणजे माझ्या आजीच्या नियमात बसणारा बदल. तरी २०२४मध्ये वानखेडेवर, त्याच्याच घरच्या मैदानावर, लोकांनी हार्दिकची हुर्यो उडवली. त्या वर्षी मुंबई तळाला राहिली. जूनच्या अखेरीस बार्बाडोसला विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचं शेवटचं षटक रोहितनं हार्दिकलाच दिलं, भारत जिंकला, आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्याच वानखेडेवर त्याच हार्दिकच्या नावाचा जयघोष झाला. हुर्यो करणारे आणि जयघोष करणारे वेगळे होते असं कोणी म्हणेल. मला जामठ्याच्या मागच्या ओळीतले गृहस्थ आठवतात आणि खात्री वाटत नाही.

जानेवारी २०२५मध्ये सिडनीला रोहितनं पॉन्टिंगचाच कित्ता गिरवला. धावा होत नव्हत्या, म्हणून मालिकेच्या शेवटच्या कसोटीत तो स्वतः बाहेर बसला. बुमराह कर्णधार झाला. दुसऱ्या दिवशी त्याची पाठ धरली, तर कोहली पुढे आला. एका कसोटीत दोन कर्णधार मैदानावर आणि तिसरा तंबूत. आमच्या पानठेल्यावर त्या दिवशी कोणाला कोणावर बोलावं कळेना. महिनाभर ज्याला बाहेर काढा म्हणत होते तो आपणहून बाहेर गेला, हा मोठाच विश्वासघात वाटला. कोणी हकालपट्टी केली असती तर त्याच्या बाजूनं उभं राहून निवड समितीला धुता आलं असतं. माणूस स्वतःच उठून गेला की चाहत्याच्या हातात काही उरत नाही, ना काढल्याचं समाधान, ना अन्याय झाल्याचं.

या सगळ्यावर घरच्या संघाचं उदाहरण डोळ्यांत अंजन घालणारं आहे. विदर्भ रणजी करंडकात १९५७-५८पासून खेळतो. पहिलं विजेतेपद आलं ते साठ वर्षांनी. १ जानेवारी २०१८ला इंदूरमध्ये दिल्लीला हरवून. कर्णधार फैज फजल. पुढच्या वर्षी जामठ्यालाच सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून दुसरं, कर्णधार तोच. मार्च २०२५मध्ये केरळविरुद्ध पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर तिसरं, कर्णधार अक्षय वाडकर, जो आदल्या वर्षी मुंबईकडून अंतिम सामना हरला होता. हरला म्हणून त्याला काढा, असं मला नागपुरात कोणाच्या तोंडून ऐकल्याचं आठवत नाही. यामागे आमचा संयम आहे असं लिहायला मला आवडलं असतं. पण खरं कारण असं की साखळी सामन्यांना जामठ्याला कुणी फिरकतच नाही. आंतरराष्ट्रीय सामन्याच्या तिकिटासाठी मामेसासऱ्यांपर्यंत ओळखी काढणारी माणसं रणजीच्या दिवशी घरी दुपारची झोप घेतात. त्या शांततेत विदर्भानं तीन करंडक जिंकले. आमचं लक्ष नसण्याचा त्यांना किती फायदा झाला, यावर कोणी प्रबंध लिहायला हरकत नाही.

तर माझं मत हळूहळू असं झालं आहे. सामना ठरतो तो गवतानं, करंगळीच्या टाक्यांनी, षटकं वेळेत टाकायच्या धास्तीनं, कोणा अनोळखी पोराच्या मनगटानं. या सगळ्या गोष्टींना चेहरा नाही. हरल्यावर आपल्याला मात्र कोणाकडे तरी बोट दाखवायचं असतं आणि जिंकल्यावर कोणाच्या तरी गळ्यात हार घालायचा असतो. कर्णधार हे पद त्या बोटासाठी आणि त्या हारासाठी आहे. तो अर्ध्यावर बदलला की आपण अवघडतो ते यामुळे. आपली सगळी येणी-देणी ज्याच्या नावावर मांडलेली होती तो माणूस हिशेब न मिटवताच निघून जातो. आपल्याला त्याला जायलाच सांगायचं होतं, पण अजून थोडं बोलून झाल्यावर. आणि तो जातो तेव्हा कळतं, की आपण इतके दिवस ज्याच्यावर चिडत होतो त्यानं आपल्याला हरवलं नव्हतं, तोही आपल्यासारखाच हरत होता.

हे सारं मी परवा पानठेल्यावर सविस्तर मांडलं. तिघंचौघं होते. २००४ सांगितलं, २००८ सांगितलं, ब्लेडसोसुद्धा सांगितला. सगळ्यांनी मान देऊन ऐकलं, कारण वयाचा थोडा फायदा असतो. ठेलेवाला इतका वेळ खाली मान घालून खर्रा घोटत होता. पन्नीची पुडी बांधून त्यानं गिऱ्हाइकाच्या हातात दिली आणि माझ्याकडे पाहिलं.

“काका, म्हणजे कॅप्टनमुळे काहीच होत नाही?”

“जवळजवळ काहीच नाही.”

“आणि सगळं गवतामुळे होते?”

“बरंचसं.”

“मंग आम्ही दिवसभर बोलायचं कोणावर? गवतावर?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेवढ्यात कोणीतरी नव्या कर्णधाराचा विषय काढला, आणि तिसऱ्या नंबरवर कोणाला पाठवावं याबद्दल माझं ठाम मत असल्यामुळे मी आणखी अर्धा तास तिथे थांबलो.